घराचे फोटो: खोली मोठी दाखवायच्या नादात होणाऱ्या चुका

फ्लॅट भाड्याने द्यायचा असो की गावचं घर होमस्टे म्हणून सुरू करायचं असो, समोरचा आधी फोटो बघतो आणि पत्ता नंतर विचारतो. त्यामुळे फोटो काढणाऱ्याच्या डोक्यात एकच घोळत असतं, खोली मोठी दिसली पाहिजे. माझ्या मते बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते. फोटोत ऐसपैस दिसलेली खोली प्रत्यक्षात लहान निघाली की माणूस दारातच हिरमुसतो, आणि मग घराच्या चांगल्या बाजूही त्याच्या नजरेत भरत नाहीत. खोली जेवढी आहे तेवढीच, पण सरळ, स्वच्छ आणि तिच्या स्वतःच्या उजेडात दिसली तर ती आवडणाऱ्यालाच बोलावते.

०.५ चा मोह

फोनमधली ०.५ एक्सची, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्य टिपणारी लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्याच्या हिशेबाने साधारण १३ ते १६ मिलिमीटरची असते. तिच्यात अख्खी खोली एका फ्रेममध्ये मावते खरी, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कोपऱ्यातलं गोल स्टूल अंडाकृती होतं, जवळचा सोफा लांबच लांब दिसतो आणि समोरची भिंत उगाच दूर पळते. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण शंका येते.

मुख्य लेन्सला आपण फार कमी लेखतो. फोन आडवा धरून १० फुटांवरून फोटो काढला तर १ एक्सवर साधारण १४ फूट रुंदीची भिंत मावते. म्हणजे १० बाय १४ च्या हॉलमध्ये एका लांब भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलात तर समोरची भिंत जेमतेम बसते. त्याहून जास्त हवं असेल तर दारात किंवा बाल्कनीत मागे सरका आणि दार उघडून चौकटीच्या आतून फोटो काढा. ०.५ वापरायचीच वेळ आली, बाथरूममध्ये ती हमखास येते, तर जवळची वस्तू कडेला येऊ देऊ नका आणि नंतर कडा थोड्या कापा.

आणखी एक सवय म्हणजे प्रत्येक खोलीचा फोटो कोपऱ्यात उभं राहूनच काढायचा. दहा फोटो बघितले तरी घराचा नकाशा डोक्यात बसत नाही. एखादी भिंत समोरून, अगदी काटकोनात घ्या. एका फोटोत हॉलमधून स्वयंपाकघराचं दार दिसू द्या. कुठून कुठे जायचं ते कळलं की घर कळतं.

भिंती पडताहेत असं का दिसतं

उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून, फोन किंचित खाली झुकवून फोटो काढला की भिंती आणि दारं खालच्या बाजूला निमुळती होतात. बाहेरून बंगल्याचा फोटो घेताना फोन वर कलतो आणि इमारत मागे पडायला आल्यासारखी दिसते. कारण एकच, फोन जमिनीशी काटकोनात राहिला नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, लेव्हल असेल तर तीही, आणि दाराची चौकट ग्रिडच्या उभ्या रेषेला समांतर येईपर्यंत फोन हलवा.

मग छतच जास्त येतं, अशी तक्रार असते. त्यावर उपाय फोन झुकवण्याचा नाही, खाली आणण्याचा आहे. हॉलसाठी छातीची उंची, म्हणजे साधारण चार फूट, ठीक पडते. बेडरूममध्ये आणखी खाली या, नाहीतर पलंगाची चादरच सगळी फ्रेम खाते. स्वयंपाकघरात मात्र ओट्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर रहा. ओट्याचा वरचा भाग दिसला पाहिजे, पण वरच्या कपाटांचा तळ फार दिसता कामा नये.

वास्तूंची छायाचित्रं काढणाऱ्यांनी याच अडचणीसाठी शिफ्ट लेन्स वापरल्या. कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर-खाली सरकवता येते. तशी लेन्स महाग असते. फोनवर स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अॅपमधल्या पर्स्पेक्टिव्हने थोडा कल काढता येतो, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून आधीच चारी बाजूंना थोडी जागा सोडा.

सगळे दिवे लावू नका

पाहुणे यायचे म्हणून आपण सगळे दिवे लावतो. कॅमेऱ्याला मात्र ते जड जातं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, पांढरी एलईडी ट्यूब ६५०० च्या आसपास, आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० चा. डोळा हे सगळं सावरून घेतो. कॅमेऱ्याला एकच पांढरा निवडावा लागतो. मग एक भिंत पिवळी, दुसरी निळसर आणि मधला सोफा भलत्याच रंगाचा.

दिवसा फोटो काढताना दिवे बंद करून बघा. खोली आधी अंधारी वाटेल, पण रंग जागेवर येतात. फोन ट्रायपॉडवर लावा, ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांच्या थप्पीला टेकवा, आणि २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबतानाचा हलका धक्काही लागणार नाही. कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८ आणि शटर अर्धा-पाऊण सेकंद लागला तरी बिनधास्त लागू द्या. खोली कुठे पळून जात नाही. पंखा तेवढा बंद करा.

दिवे लावूनच काढायचे असतील तर फोटोत काळे-पांढरे आडवे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात. फोनमध्ये अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती ५० हर्ट्झवर ठेवा.

खिडकी पांढरीफटक होते, तेव्हा स्क्रीनवर खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उतरवा. बाहेर बघण्यासारखं काही नसेल, समोरच्या इमारतीचे ड्रेनेज पाइप असतील, तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्या. उजेडही मऊ होतो.

माजघराचा अंधार

कोकणातल्या कौलारू घराचे फोटो काढताना फ्लॅटचे नियम अर्धेच चालतात, आणि इथे होणाऱ्या चुकांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या घरांचं सगळं सौंदर्य उजेडाच्या पायऱ्यांत आहे. अंगण लख्ख, पडवी निम्म्या उजेडाची, ओटी त्याहून शांत आणि माजघर अंधारं. फ्लॅश मारला किंवा फोनच्या एचडीआरने (उजळ आणि गडद भाग एकाच फोटोत सावरणाऱ्या सोयीने) सगळं सारखं उजळलं की या पायऱ्याच पुसल्या जातात. उरते एक करडी खोली.

सारवलेली जमीन घ्या. ती गडद असते. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे उजेड मोजणारी सोय, गडद रंग बघितला की फोटो उजळवतं, आणि शेणाच्या सारवणाची ती खोल हिरवट तपकिरी छटा मातकट, फिकी होते. हातानं सारवताना उमटलेली अर्धवर्तुळंही हरवतात. जमीन जास्त येणाऱ्या फोटोत एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा. दारातून तिरपा उजेड येत असेल तर दाराला पाठ करून नको, दाराकडे तोंड करून पण थोडं कडेला उभं रहा. मग ती अर्धवर्तुळं एकेक उठून दिसतात. त्याच घरातली चुन्याची भिंत नेमकी उलटी वागते. पांढरं बघून मीटर फोटो काळवंडतं, तिथे एक्स्पोजर तेवढंच वर न्यावं लागतं. एकाच घरात दोन्हीकडे चूक होते, म्हणून ऑटोवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट जांभ्याची. भर दुपारी अंगणातल्या जांभ्या दगडावरून किंवा लाल मातीवरून परतणारा उजेड लालसर होऊन पडवीत शिरतो आणि पांढऱ्या भिंती गुलाबी दिसतात. त्याला व्हाइट बॅलन्सने (पांढरा रंग पांढरा दिसेल अशी जुळवणी) मारत बसण्यापेक्षा वेळ बदला. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी हा त्रास जवळजवळ राहत नाही. पावसाची सर नुकतीच थांबलेली असेल तर फारच छान. आभाळ उजेड पसरवून देतं, ओला जांभा गडद होतो, कौलं धुतलेली असतात.

काचेचं कौल असलेलं घर असेल तर त्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा माजघरात दिवसभर सरकत असतो. तो रिकाम्या जमिनीवर पडतो तेव्हा चट्टा दिसतो. मांडणीवर किंवा पितळी घंगाळ्यावर पडतो तेव्हा सगळी खोली जागी होते. घरच्या माणसांना विचारा, ऊन कधी कुठे येतं ते त्यांना नेमकं माहीत असतं.

बाहेरून घराचा फोटो मात्र दिवे लावून काढा, पण संध्याकाळी. सूर्य मावळल्यावर साधारण १५ ते २५ मिनिटांनी आभाळाचा निळा उजेड आणि पडवीतल्या पिवळ्या दिव्याचा उजेड तोलाचे होतात. ती वेळ थोडी असते. जागा ठरवून, ट्रायपॉड लावून आधीच तयार रहा.

आवरायचं काय, ठेवायचं काय

चार्जरच्या वायरी, एक्स्टेन्शन बोर्ड, दोरीवरचे कपडे, पायपुसणं, बादली-मग, फ्रिजवरचे डबे हलवा. कमोडचं झाकण पाडा. टीव्हीच्या काळ्या पडद्यात, आरशात आणि स्टीलच्या डब्यांवर तुमचं प्रतिबिंब येतंय का ते बघा. येत असेल तर हातभर सरका, तेवढ्याने काम भागतं. आणि सगळ्यात आधी फोनची लेन्स सुती कपड्याने पुसा. दिव्याभोवती धुकं दिसतं ते बहुतेक वेळा बोटांच्या तेलाचं असतं.

पण खोली ओसाड करू नका. देवघर, तांब्या-भांडं, खिडकीतली तुळस, वापरातली गोधडी यांनीच खोलीचं माप कळतं. विकत आणलेली प्लास्टिकची फुलं ठेवण्यापेक्षा हे शतपटीने बरं. घरात भाडेकरू राहत असतील तर त्यांना विचारूनच फोटो काढा. मुलांचे फोटो, औषधांच्या पट्ट्या, वीजबिल, किल्ल्यांचा जुडगा फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

एडिटिंगमध्ये हात आवरा

भिंतीवरची ओल, समोरचा विजेचा खांब किंवा खिडकीबाहेरची इमारत पुसून टाकणं आता फोनवरही जमतं. करू नका. बिल्डरांना तर जाहिरातीतल्या खोट्या माहितीबद्दल २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याचं १२ वं कलम लागू होतं. स्वतःच्या घराची जाहिरात करणाऱ्यानेही तेवढंच भान ठेवलं पाहिजे. कल काढा, रंग खरे करा, सावल्या किंचित उचला, एवढं पुरे. आभाळ जांभळं झालं किंवा खिडकीच्या कडेला पांढरी झालर दिसली तर एचडीआर जास्त झालं आहे.

शेवटचा घोटाळा फोटो पाठवताना होतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि वाशांचे, जाळीचे बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. मात्र मग तिच्यात घराचं लोकेशनही सोबत जाऊ शकतं. अनोळखी माणसाला पाठवण्याआधी गॅलरीतून ते काढून टाका, किंवा घराचे फोटो काढायला बसण्यापूर्वीच कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद करून ठेवा.