नवं नायट्रो इंजिन रनिंग-इन करताना या चुका टाळा

रनिंग-इन म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून त्याचे भाग एकमेकांत बसवणं. आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं, नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं नवं नायट्रो इंजिन खोक्यातून काढलं की हाताने फिरवून पाहा. पिस्टन अगदी वर पोचला की घट्ट अडतो आणि पुल-स्टार्टची दोरी अर्ध्यावरच थांबते. मग कोणी ‘इंजिन जाम आहे, बदलून द्या’ म्हणत दुकान गाठतो, तर कोणी स्लीव्हला (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी) आतून पॉलिश पेपर मारून ती ‘मोकळी’ करतो. हा दुसरा प्रकार म्हणजे इंजिनाचा खूनच. कारण तो घट्टपणा हा दोष नव्हे, त्याचेच तर आपण पैसे मोजलेले असतात.

आरसी गाड्यांची बहुतेक नायट्रो इंजिनं एबीसी पद्धतीची असतात: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिच्यावर आतून क्रोमचा थर. रिंग नसतेच. स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती केलेली असते आणि कॉम्प्रेशन त्या पकडीवरच मिळतं. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि दोघांचं माप जुळतं. म्हणजे ही जोडी गरम असतानाच एकमेकांत बसावी, अशी तिची रचना आहे.

सगळ्यात मोठी चूक: इंजिन थंड ठेवणं

‘मिश्रण एकदम रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवा, गाडी खोक्यावर टेकवा आणि चार-पाच टाक्या नुसत्या आयडलवर (थ्रॉटल न देता) जाळा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. माझ्या मते नव्या इंजिनांचं सर्वाधिक नुकसान यानेच होतं. इतक्या रिच मिश्रणावर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, जेमतेम कोमट होतं. मग पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्या अरुंद तोंडात ठोकला जातो, पकड घासून जाते आणि प्रत्येक फेरीचा झटका पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडला बसतो. रनिंग-इन संपेपर्यंत इंजिनाचं निम्मं आयुष्य खर्ची पडलेलं असतं.

त्यापेक्षा सुरू करण्याआधी हेड हेअर ड्रायरने किंवा हीट गनने चांगलं तापवा. 70-80 अंश सेल्सिअस पुरे. दोरी लगेच हलकी झाल्याचं हाताला जाणवेल. चालू झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर ग्लो प्लगवर (हेडमधला, मिश्रण पेटवणारा प्लग) रोखून 90 ते 105 अंशांच्या आसपास तापमान राखा. मिश्रण थोडं रिच हवंच, कारण वंगणाचं तेल इंधनातूनच येतं. सायलेन्सरमधून धूर दिसत राहिला पाहिजे. मग रिचही आणि गरमही कसं जमायचं? हेडच्या पंखांवर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. तापमान वाढायला लागलं की थोडी फॉइल काढा. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी ही युक्ती लागतेच. नागपूरच्या मे महिन्यात बहुधा लागणार नाही.

पहिल्या टाकीनंतर गाडी जमिनीवर उतरवा. थ्रॉटल हळूहळू वाढवा, दोन सेकंदांत सोडा, पुन्हा वाढवा. एकाच वेगाने गोल गोल फिरवू नका. प्रत्येक टाकीनंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, पण पिस्टन खाली ठेवून. वर अडकून गार झाला, तर आकुंचन पावणारी स्लीव्ह त्याला आवळते. फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) मार्करने खूण करून ठेवली की पिस्टन कुठे आहे ते बाहेरूनच कळतं.

दोरी ओढण्यातला आडदांडपणा

दोरी अचानक दगडासारखी अडली, तर बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं. द्रव दाबला जात नाही. जोर केलात तर दोरी तुटेल किंवा रॉड वाकेल. इग्नायटर (सुरू करताना ग्लो प्लगला वीज देणारं साधन) बाजूला ठेवा, प्लग काढा, गाडी उलटी धरा आणि दोन-चार वेळा हलके ओढा. तोंड दूर ठेवा, कारण इंधन पिचकारीसारखं उडतं. त्यात मेथॅनॉल असतं. ते डोळ्यांना आणि पोटात गेल्यास जिवाला घातक आहे, आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

इंधन संपलं म्हणून टू-स्ट्रोकचं पेट्रोल ओतणारेही भेटतात. ग्लो प्लगच्या तारेतलं प्लॅटिनम मेथॅनॉलच्या संपर्कात तापत राहतं, म्हणून इग्नायटर काढला तरी इंजिन चालतं. पेट्रोलवर हे घडत नाही, शिवाय सिलिकॉनची नळी फुगून बाद होते.

ही लक्षणं ओळखा

इग्नायटर काढताच इंजिन बंद पडतं? आधी प्लग बदलून पाहा. रनिंग-इनमध्ये धातूचे बारीक कण तारेवर चिकटतात, त्यामुळे दोन प्लग जवळ असावेत. तरीही तेच झालं, तर आयडलचं मिश्रण फार रिच आहे.

थ्रॉटल देताच इंजिन गुदमरतं आणि भरपूर धूर सोडतं, म्हणजे रिच. धूर नाही, आवाज कर्कश आणि तापमान चढतंय, म्हणजे लीन (इंधन कमी, हवा जास्त), लगेच थांबवा. थ्रॉटल सोडल्यावरही आयडल वरच लटकत असेल, तर नीडलला (मिश्रण कमी-जास्त करणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू) हात लावण्याआधी कार्ब्युरेटरच्या मानेशी आणि बॅकप्लेटपाशी (इंजिनाचं मागचं झाकण) हवा शिरते का ते तपासा. हवेची गळती असेल, तर दिवसभर नीडल फिरवूनही काही जुळणार नाही.

नीडल फिरवायची तर घड्याळाच्या तासाभराच्या अंतराएवढीच, आणि मग थोडं चालवून परिणाम पाहायचा. घट्ट आवळून शेवटपर्यंत बंद करू नका. तिचं टोक आणि बैठक दोन्ही बिघडतात.

एअर फिल्टरचा फोम तेलात भिजवून पिळलेला असावा. मुरमाच्या मैदानावर कोरडा फोम म्हणजे सरळ सिलिंडरमध्ये वाळू.

दिवस संपल्यावर

नवं इंजिन इंधनाची नळी दाबून बंद करू नका. मरता मरता ते लीन चालतं. जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दाबा. टाकी रिकामी करा, इंजिन पुन्हा सुरू करून नळीतलं उरलंसुरलं जाळा, मग प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणारं तेल) थेंब सोडून दोरी काही वेळा ओढा. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे न करता गाडी आठवडाभर कपाटात राहिली, तर बेअरिंगला गंज धरलेला असेल. उरलेल्या इंधनाच्या कॅनचं झाकणही घट्ट लावा.