‘पेनल्टी’चं मराठी करण्याआधी

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. मी कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करते. सुरुवातीच्या काळात एका ट्रस्टच्या जुन्या इंग्रजी दस्तात ‘ऑन पेन ऑफ फॉर्फीचर’ असे शब्द आले. ‘पेन’ म्हणजे दुखणं, एवढंच मला ठाऊक होतं. मी लिहून मोकळी झाले, ‘जप्तीचं दुःख सोसून’. वकीलसाहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, “बाई, यातलं ‘पेन’ म्हणजे शिक्षा. अट मोडली तर मिळकत जप्त, असं म्हणायचंय त्यांना.”

तेव्हापासून शिक्षेसंबंधीचा इंग्रजी शब्द आला की मी कोशातला पहिला अर्थ उचलत नाही. आधी नोंदीतली व्युत्पत्ती वाचते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पेन, पेनल, पेनल्टी, पनिश हे सगळे लॅटिन ‘पोएना’कडे जाताना दिसतील. ‘पेन’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो शिक्षा हाच अर्थ घेऊन. दुखण्याचा अर्थ पुढे वरचढ झाला, पण कायद्याच्या ठरीव शब्दप्रयोगांत जुना अर्थ टिकून राहिला. ‘सबपीना’ हा कोर्टात बोलावणारा हुकूम, शब्दशः ‘शिक्षेच्या धाकाखाली’: हजर राहा नाहीतर शिक्षा. ‘इम्प्युनिटी’ म्हणजे शिक्षेविना सुटणं.

मग आणखी एक पायरी मागे जा. लॅटिननं हा शब्द ग्रीक ‘पोइने’वरून घेतला, आणि माझ्या मते खरी किल्ली इथे आहे. पोइने म्हणजे चाबूक नव्हे, कोठडीही नव्हे. माणूस मारला गेला तर त्याच्या नातलगांना द्यायची भरपाई, ती पोइने. ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या १८व्या सर्गात अकिलीस या योद्ध्याच्या ढालीवर कोरलेला एक प्रसंग आहे. भर चौकात दोघेजण एका खुनाच्या भरपाईवरून भांडताहेत. एक म्हणतो, मी सगळं चुकतं केलं. दुसरा काहीच घ्यायला तयार नाही. रशियन ‘त्सेना’ आणि लिथुआनियन ‘काइना’ हे याच घराण्यातले शब्द, आणि दोन्हींचा अर्थ किंमत. ‘केल्याची किंमत मोजली’ असं आपण म्हणतो, त्यातला विचारही हाच.

म्हणून मराठी शब्द निवडताना एकच प्रश्न विचारा: कोण कुणाला देतंय, आणि कशासाठी? फौजदारी न्यायालय गुन्ह्याबद्दल देतं ती शिक्षा. त्या शिक्षेत पैसे भरायचे असतील तर द्रव्यदंड. नियम मोडला किंवा कर थकला म्हणून एखादं प्राधिकरण वसूल करतं ती शास्ती. बेकायदा बांधकामांवर महापालिकेनं लावलेला शास्तीकर पिंपरी-चिंचवडकरांना वेगळा समजावून सांगायला नको. करारातली पेनल्टी मात्र निराळी. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला तर दुसऱ्या पक्षाला वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे इथे शब्द पुन्हा पोइनेच्या जवळ येतो. अशा ठिकाणी ‘शिक्षा’ लिहिलंत तर कागद वाचणारा शेतकरी तुरुंगाच्या भीतीनं रात्रभर जागा राहील. इथेही ‘शास्ती’च लिहा, पण ती प्राधिकरणाची नव्हे, दुसऱ्या पक्षाला द्यायच्या पैशांचीच आहे हे तोंडी सांगा.

दिसायला सारखे शब्द तपासून घ्या. झुरणं या अर्थाचं ‘पाइन’ हे क्रियापद पोएनाच्याच वंशातलं आहे, पण पाइनचं झाड नाही. ‘पेनन्स’ (प्रायश्चित्त) आणि ‘पेनिटेन्शरी’ (तुरुंग) हे पश्चात्ताप या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दातून आले. जुन्या लेखनिकांनाही त्या शब्दाचं पोएनाशी नातं खरं वाटलं आणि त्यांनी त्याचं स्पेलिंग पोएनासारखं केलं, म्हणून गोंधळ वाढला.

आपल्याकडच्या शब्दांचीही अशीच झडती घ्यावी लागते. दंड म्हणजे मुळात काठी. शास्ती आणि शासन एकाच धातूतले. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं. हिंदीनं तो अर्थ ठेवला, मराठीत मात्र शिक्षण आणि शिक्षा वेगळ्या वाटांनी गेले. हिंदीवरून उतरवलेला मसुदा हाती आला तर प्रत्येक ‘शिक्षा’पाशी थांबा. जुना मराठी कागद असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती उघडा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते.

राहिला ‘पेनल कोड’. १८६०च्या संहितेला मराठीत भारतीय दंड संहिता म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि नावातला दंड गेला. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याच्या कागदात जुनं नाव आणि जुनी कलमंच ठेवा. नवीन कायदा आला म्हणून आपल्या मनानं ती बदलू नका.