शुक्रवारी ऑफिस, शनिवारी कळसूबाई

एप्रिल-मेमध्ये शनिवारी सकाळी मुंबईहून निघालं, की कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. मग शिखराच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांचे कठडे इतके तापतात की हात लावला तरी चटका बसतो. म्हणून शुक्रवारी ऑफिसातून परस्परच निघा.

१. सॅक गुरुवारी रात्रीच भरा. टोपी, हेडटॉर्च, ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, बस्स. जीन्स नकोच, घामाने पायाला चिकटते.

२. कसारा लोकल पकडा. तिथून बारीपर्यंतची जीप आधीच फोन करून ठरवा. रात्री स्टेशनबाहेर घासाघीस करायला त्राण उरत नाही.

३. बारीत घरगुती मुक्काम मिळतो. पिठलं-भाकरीचं आधीच सांगून ठेवा आणि पहाटे चढू देतात का, तेही विचारून घ्या. हा परिसर अभयारण्यात येतो, नियम बदलत असतात.

४. चारच्या सुमाराला चढायला लागा. १६४६ मीटरवरचं देऊळ गाठून ऊन तापायच्या आत खाली या. रविवार कपडे धुवायला अख्खा मोकळा!

पाणी मात्र माणशी तीन-चार लिटर खालूनच न्या. वाटेतल्या विहिरीच्या भरवशावर उन्हाळ्यात राहू नका.