प्रीफॅब की चिऱ्यांचे घर: कंपनी ठरवण्याआधीची तयारी

गोव्यात कारखान्यात तयार केलेल्या पॅनेलचे प्रीफॅब घर उभारायचे की जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे, हे ठरवताना सगळ्यात आधी जागेचे कागद काढा: एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा), सनद (जमीन बिगरशेती केल्याची), आणि जागा समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, रेषा कुठून जाते ते. ‘प्रीफॅबला परवाना लागत नाही’ असे सांगणारा विक्रेता भेटला तर तिथेच बोलणे थांबवा. पाया घालून उभारलेल्या राहत्या घराला नगर नियोजन खात्याची मंजुरी आणि पंचायतीचा परवाना हवाच, मग भिंत चिऱ्याची असो की पॅनेलची.

मग टेप घेऊन वाट मोजा. वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जायला दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आणि डोक्यावर विजेच्या तारा असतील, तर ट्रक आणि क्रेन कुठवर येते हे कंपनीच्या माणसाने स्वतः येऊन पाहायला हवे. फोटोवर ठरवू देऊ नका.

कोटेशन किमान तिघांकडून घ्या आणि चौथे गावच्या कंत्राटदाराकडून, तेवढ्याच खोल्यांच्या चिऱ्यांच्या घराचे. प्रीफॅबच्या चौरस फुटाच्या दरात बहुतेक वेळा जोते, सेप्टिक टाकी, वाहतूक आणि क्रेन नसते. हे सगळे मिळवल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नका.

आता खरा प्रश्न, पाऊस आणि खारा वारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून कंपनीचे नमुना घर पाहू नका. तिने बांधलेले, निदान तीन पावसाळे काढलेले घर पाहा, आणि तेही भर पावसात. पेडण्याच्या किनाऱ्याजवळचे एक प्रीफॅब घर मी ऑगस्टमध्ये पाहिले. जेमतेम दोन पावसाळे झाले होते. पॅनेल ठणठणीत होते, पण प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखालून तांबडी धार उतरलेली, आणि रबरी वायसर नखाने दाबला तर तुटत होता. छपराची पन्हळ भिंतीला मिळते तिथे आतून ओल होती. घरमालकाने कंपनीला तीनदा कळवले होते. तेव्हापासून मी भिंतीपेक्षा सांधे आधी बघतो. ‘गॅल्व्हनाइज्ड’ (जस्ताचा मुलामा दिलेले) एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. घराच्या पोलादी चौकटीसाठी असा आकडाच लिहून मागा. किनाऱ्यालगत स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत. पॅनेलमध्ये काय भरले आहे तेही विचारा: रॉकवूल जळत नाही, थर्माकोल आणि पफ (पॉलियुरेथेनचा फोम) आगीत धूर करतात.

चिऱ्याच्या बाजूने माझे मन झुकते, ते दुरुस्तीमुळे. चिऱ्याची भिंत झिरपली तर गावातला कुठलाही मेस्त (गवंडी) गिलावा करून देतो. पॅनेल पिचले तर कंपनी जागेवर असावी लागते. पण चिऱ्यांवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेले घर म्हणजे निर्धास्त, असेही समजू नका. सळ्यांवर काँक्रीटचे कव्हर कमी पडले की खारी हवा आत शिरते, सळ्या गंजून फुगतात आणि छताचे पोपडे पडतात. प्रीफॅबची खरी कमाई वेळेची: एकदा जोते झाले की उभारणी काही आठवड्यांत होते, तर चिऱ्यांचे काम पावसात थांबते. कमकुवत जमिनीवर हलके घर सोयीचेही पडते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. प्रीफॅबमध्ये माल कारखान्यातून निघण्याआधीच मोठा हप्ता मागतात, म्हणून तो देण्यापूर्वी कारखान्यात जाऊन आपली चौकट डोळ्यांनी पाहा आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतरचा ठरवा. गळतीची हमी किती वर्षांची आणि किती दिवसांत माणूस येणार, दोन्ही करारात हवे.

आणि एक गोष्ट कंपनीवाले आपणहून कधीच विचारत नाहीत: चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची चौकट. नारळ, सुपाऱ्यांचे घोस, चिबूड, तोरिंगण लावलेली ती चौकट फॉल्स सीलिंग पेलणार नाही. गणपती कुठल्या खोलीत बसणार ते दाखवा, तिथे छताच्या चौकटीला जादा आडव्या तुळया आणि चार हूक नकाशात काढून घ्या, घराची चौकट कापायला जाण्याआधी.