घरच्या टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा

"आय-सेव्हन आहे जी, घेऊन टाका," असं दुकानदार म्हणाला तरी लगेच पाकीट काढू नका. सिनेमे, यूट्यूब आणि नाटकं पाहण्यापुरता कॉम्प्युटर असेल तर आय-थ्री की आय-सेव्हन हे नंतर पाहू. आधी विचारा, कितवी जनरेशन, म्हणजे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची कितवी पिढी?

मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई म्हणजे जत्रा भरतात, रात्र-रात्र नाटकं चालतात, आणि हल्ली प्रत्येक नाटक कोणी ना कोणी मोबाईलवर उतरवतोच. मग पेनड्राइव्ह घेऊन माणसं दुकानात येतात. मोबाईलवर छान चालते, कॉम्प्युटरवर आवाज पुढे जातो अन् चित्र जागेवरच. एक काकाजी तर चिडलेच होते, "आमचा टीव्ही बत्तीस इंची साधा, त्याले फोर-के कायले पाह्यजे?" टीव्हीला नकोच आहे. पण फाइल फोर-के, म्हणजे खूप बारीक चित्राची, असली की कॉम्प्युटरला ती आधी पूर्ण उलगडावी लागते आणि मग लहान करून टीव्हीला द्यावी लागते. टीव्ही लहान म्हणून काम कमी होत नाही.

हे उलगडायचं काम करायला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये वेगळा भाग असतो. त्याला फाइलचा फॉरमॅट ओळखीचा असला तर बाकीचा प्रोसेसर जवळपास रिकामा बसतो. अनोळखी असला तर प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) जुंपले जातात, पंखा बोंबलतो आणि तरी चित्र अडकतं.

म्हणून पहिलं काम, अडकणारी फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि कंट्रोल व जे दाबा. कोडेकचं, म्हणजे व्हिडिओच्या फॉरमॅटचं, नाव दिसेल. एच.२६४ असेल आणि रिझोल्युशन १०८० असेल तर दहा-बारा वर्षं जुना इंटेलही ते सहज चालवतो. दोष दुसरीकडे आहे, बहुतेक हार्ड डिस्कमध्ये. आधी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका, प्रोसेसरला हात लावू नका. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ दिसलं, तर पुढचं वाचा. त्यातही ८-बिट की १०-बिट (म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक) ते बघून ठेवा. नव्या आयफोनवर एचडीआर चालू ठेवून काढलेला व्हिडिओ १०-बिटचा असतो, आणि जुने प्रोसेसर नेमके तिथंच मान टाकतात. यूट्यूबसाठी चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४), व्हीपी०९ (म्हणजे व्हीपी९) किंवा एव्ही०१ (म्हणजे एव्ही१) यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं.

आता इंटेलचा हिशेब. चौथ्या जनरेशनमध्ये एचईव्हीसीसाठी पूर्ण हार्डवेअर नाही. सहाव्यात ८-बिट आलं. सातव्यात, म्हणजे २०१७च्या आसपास, १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही आले. एव्ही१ डेस्कटॉपवर यायला अकरावी जनरेशन उजाडली, आणि तिथंही आय-फाइव्हपासून वरच. यावरून कळेल की सातव्या जनरेशनचं स्वस्तातलं पेंटियम जी४५६० जे करतं, ते चौथ्या जनरेशनचा आय७-४७९० करत नाही. तो मारून-मुटकून करायला जाईल, पण ८४ वॅटचा प्रोसेसर तापवून.

एएमडी या दुसऱ्या कंपनीत अथलॉन ३०००जी आणि रायझन ३ ३२००जी एचईव्हीसी १०-बिट व व्हीपी९ला पुरतात, एव्ही१ला नाही. ५६००जीसुद्धा एव्ही१ करत नाही, एवढा ताकदवान असून. या रांगेतल्या मॉडेलच्या शेवटी 'जी' नसेल तर आत ग्राफिक्सच नाही. इंटेलमध्ये उलटं, शेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त दिसतो म्हणून घरी आणला तर टीव्हीवर काळोख.

प्रोसेसर ठरवायच्या आधी बोर्ड, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो मदरबोर्ड, बघा. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकलं की बोर्डाचं नाव कळतं.

गावात एच११० बोर्ड पुष्कळ आहेत, बहुतेकांवर सहाव्या जनरेशनचं पेंटियम जी४४००. तुमचा असा असेल तर सातव्या जनरेशनचा जुना आय३-७१०० किंवा जी४५६० शोधा, यापेक्षा स्वस्त इलाज नाही. पण आय३-८१०० घेऊ नका. त्याच्याही सॉकेटचं नाव ११५१च आहे, तो त्यात बसतोही, पण चालत नाही. त्याला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो. आणि सातवी जनरेशन टाकण्याआधी जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. हे काम इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवरच करा. अपडेटच्या मध्येच लाइन गेली तर बोर्ड कायमचा बाद होऊ शकतो, आणि आपल्याकडं लाइन कधी जाईल याचा काय भरवसा!

बोर्ड चौथ्या जनरेशनचा, डीडीआर३ रॅमचा असेल तर प्रोसेसरवर पैसा घालूच नका. जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड मिळालं तर लावा. ३० वॅट खातं, वेगळी पॉवर वायर लागत नाही, एचईव्हीसी १०-बिट करतं. बारीक कॅबिनेट असेल तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी मागा. जीटी ७१० किंवा ७३० गळ्यात मारायला बघतील. ती या कामाची नाहीत.

टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय पोर्टचंही पाहून घ्या. एच११०च्या बऱ्याच बोर्डांवर एचडीएमआय १.४ असतं, त्यातून फोर-के सेकंदाला फक्त ३० फ्रेमनं जातं. साध्या टीव्हीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

सगळंच नवं घ्यायचं असेल तर माझं मत इंटेलचा एन१०० प्रोसेसर असलेल्या मिनी पीसीकडे झुकतं. चार कोअर, ६ वॅटचा, एव्ही१सकट सगळे फॉरमॅट. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर टीव्ही आणि हा डबा दोन्ही आरामात चालतात. उन्हाळी धानाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेव्हाही कमी खाणारं यंत्र बरं. फक्त पंखा असलेलाच घ्या. बिनपंख्याचा डबा पुण्यात चालत असेल, पण आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. टिनाच्या खोलीत असा डबा आपला वेग स्वतःच कमी करतो. राईस मिल जवळ असेल तर कोंड्याची धूळ आत जाते, त्यामुळं होळीच्या आधी एकदा उघडून ब्लोअर मारायचा.

कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर असे जुने कॉम्प्युटर हाही चांगला मार्ग आहे. त्यात आठव्या जनरेशनच्या खाली जाऊ नका, कारण विंडोज ११ला इंटेलमध्ये आठवीपासून मान्यता आहे आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सातवी टाकणाऱ्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट बसवावं. रॅम ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन घ्या, आतल्या ग्राफिक्सला तीच रॅम वापरायची असते आणि दोन पट्ट्या एकदम काम करून ती वेगात पुरवतात.

घरचं नेटच ४८०पर्यंत ओढत असेल तर यूट्यूबसाठी यातलं काहीच लागत नाही. ब्राउझरमध्ये 'एच२६४-इफाय' (h264ify) नावाचं एक्स्टेन्शन टाका. यूट्यूब मग १०८०पर्यंतचे व्हिडिओ एच.२६४मध्येच पाठवतं आणि जुनं मशीन निवांत चालतं.

खरेदीला जाताना ती अडकणारी फाइल पेनड्राइव्हमध्ये न्या. दुकानातल्या मशीनवर लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्सचा, 'व्हिडिओ डिकोड' आलेख बघा. तो वर चढला आणि सीपीयू खालीच राहिला तर पैसे द्या. दुकानदार फाइल लावू देत नसेल तर शेजारच्या दुकानात विचारा.