जुना कॅम्पर गळतोय? सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा

1970 च्या दशकातल्या फोक्सवॅगन टाइप 2 सारख्या कॅम्परमध्ये (आत राहायची सोय असलेल्या गाडीत) पाणी बरेचदा शिरतं ते पत्र्यावर स्क्रूने बसवलेल्या वस्तूंच्या खालून: छताचा व्हेंट, ऑनिंगची (बाहेर ताणायच्या कापडी छपराची) पट्टी, बाहेरचा दिवा. कडेने नुसतं सिलिकॉन फासणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट उपाय. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं. त्याचा अंश राहिला की त्यावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट.

कंटाळा आला तरी वस्तू काढाच. जुना थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. भोकात गंज दिसला तर घासून प्रायमर लावा, पूर्ण सुकू द्या. मग वस्तूच्या मागच्या बाजूला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) सलग चिकटवा, प्रत्येक भोकाभोवती एक जादा वेटोळं द्या. थंडीत ही टेप कडक होते, आधी थोडी उन्हात ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. टेप दबत जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. बाहेर आलेला भाग कापून टाका.

उभ्या बाजूवरच्या दिव्याला वरून सीलंटची रेघ ओढायचीच असेल, तर खालची कड मोकळी सोडा. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी.