गोव्यात उन्हाळ्यात राहायला आलात? आधी भरतीची वेळ बघा

सांगली-कोल्हापूर-पुण्याकडून नोकरीसाठी इथे येणारी बरीच कुटुंबं मुलांच्या सुट्टीत, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यात सामान हलवतात. मग घामानं हैराण होऊन आठवडाभर पंख्याखाली बसतात आणि रविवारी कळंगुटच्या गर्दीत जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इथल्या उन्हाळ्याची खरी मजा नदीकाठी आहे आणि तिला फारसे पैसेही लागत नाहीत.

एक सवय मात्र लावून घ्या. रोज भरती-ओहोटीची वेळ बघत जा. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. मासळी कधी घ्यायची, होडी कधी काढायची, हे सगळं यावरून ठरतं.

आधी मासळी. नदीकाठच्या खाजन शेतांच्या, म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून केलेल्या शेतांच्या, बांधांना दारं बसवलेली असतात. त्याला इथे मानस म्हणतात. भरतीला पाणी आत शिरतं आणि ओहोटीला ते बाहेर पडताना दाराशी जाळं लावतात. त्यात शेवटे (बोय), सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) आणि नशीब असेल तर चोणक सापडतो. चोणक म्हणजे आपल्याकडचा जिताडा. ही मासळी कित्येकदा बांधावरच विकली जाते, म्हणून जवळ मानस कुठे आहे आणि जाळं कधी काढतात, हे शेजाऱ्यांना विचारा. बर्फ न लागलेल्या मासळीची चव एकदा कळली की तुम्ही स्वतःच वेळा पाठ कराल. बाजारात सुरमईला इसवण म्हणतात. लहान मासळी वाट्यावर मिळते. विकणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणून हाक मारा, कल्ले उघडून दाखवायला सांगा. लालभडक असतील तरच घ्या.

तिसऱ्या घेताना मिटलेल्या शिंपल्याच निवडा. शिजल्यावर ज्या उघडणार नाहीत त्या टाकून द्या. ओलं खोबरं, हळद, हिरवी मिरची, दोन आमसुलं, एवढं पुरे. आणि एक कळकळीची विनंती: घरून आणलेला कांदा-लसूण मसाला या मासळीवर घालू नका. मटणासाठी तो जपून ठेवा. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे खोबऱ्याच्या कालवणात, तिरफळं घाला, सोबत उकड्या तांदळाचा भात करा.

प्यायला सगळ्यात आधी नीरो. काजूच्या बोंडांचा हा ताजा रस सकाळीच प्यावा, कारण उन्हं चढली की तो आंबायला लागतो. सत्तरी, पेडणे भागात मार्च ते मे भट्ट्या चालतात. बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात आणि तो पहिल्यांदा गाळला की हुर्राक होतो. पुन्हा गाळला की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक सौम्य असतो, पण टिकत नाही, म्हणून तो उन्हाळ्यातच प्यायचा. त्यात लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का घालतात. कायद्यानं वय २१ पूर्ण हवं, किनाऱ्यावर बाटली उघडायची नाही आणि गावी जाताना परवान्याशिवाय गाडीत ठेवायची नाही. घरातल्या बाकीच्यांसाठी सोलकढी आहेच. मला स्वतःला दुपारच्या जेवणानंतर तीच हवी असते.

होडीची हौस असेल तर पहिल्या दिवशी फेरीबोटीत बसा. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जा. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या खारफुटीत होडी न्यायची तर भरतीच हवी. ओहोटीला आतल्या वाटा चिखलात बसतात. पहाटे निघा, म्हणजे खंड्या दिसतील, सावली मिळेल आणि पाणीही शांत असेल. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि वल्हवणाऱ्याचा दम निघतो. पोहता येत असलं तरी जीवरक्षक जाकीट घाला, आणि काठावरच्या माणसानं ‘आज नको’ म्हटलं तर ऐका. मे संपत आला की समुद्र खवळायला लागतो.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्यामुळे मे महिन्यात इथली घरं पुरुमेंताची, म्हणजे पावसाळी बेगमीची खरेदी करतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा. सुकी सुंगटं, सुके बांगडे, आमसुलं आणि उकडे तांदूळ घ्या. सुकी मासळी घरी आणल्यावर आणखी दोन उन्हं दाखवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. जुलैत किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर, करायला तीच लागेल.